कंट्रोलमधली ड्यूटी

शिवणकाम करणाऱ्या बाईचे डोळे लवकर जातात म्हणतात. माझेही गेले. आंधळी नाही झाले, पण सुईत दोरा ओवायचा म्हटलं की एका सुईला दोन नाकं दिसायची आणि दोरा दोन्हींच्या मधून निघून जायचा. मग ते काम आमच्या ह्यांनी अंगावर घेतलं. कोराडीच्या वीजकेंद्रातून ड्यूटी करून आले, की हातपाय धुऊन चहाला बसायचे आणि चहा पिता पिता माझ्या सगळ्या सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे. मी कधी सांगितलं नाही, त्यांनी कधी उपकार दाखवला नाही. वीज तयार करणारा माणूस बायकोच्या सुया ओवतो म्हणून कॉलनीतल्या बायका हसायच्या. हसोत बापड्या. त्यांच्याच ब्लाउजांचे हुक त्या सुयांनी लागत होते.

हे निवृत्त झाले, आम्ही कॉलनी सोडून प्रताप नगरला राहायला आलो, तरी सुयांचा रिवाज सुरूच होता. एका संध्याकाळी पाहते तर चहावर साय धरलेली आणि हे एकाच सुईशी झटून राहिलेले. दोरा नाकाजवळ जायचा आणि बाजूला व्हायचा.

"चष्मा लावा ना जी," मी म्हटलं.

"चष्मा लावूनच हाय. दिसते सगळं. बोटच आयकून नाही राहिलं."

मी सुई हातातून हिसकून घेतली. "द्या इकडं. तुमच्या भरवशावर राहिले तं गिऱ्हाईक पळून जाईन." मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. मला वाटलं, वय झालं, दुसरं काय.

मग सदऱ्याची बटणं लागेनात. कुलपात किल्ली फिरेना. चालताना पायातली चप्पल मागेच राहायची आणि हे दोन पावलं पुढे जाऊन तिच्यासाठी परत यायचे. दंडाचं मांस आपोआप थरथरायचं. हाडांचे डॉक्टर झाले, मानेचे फोटो झाले, आणि फिरत फिरत आम्ही एका मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरबाईपुढे जाऊन बसलो. बाई वयाने माझ्या लेकीएवढी. तिने ह्यांना जिभेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत तपासलं, गुडघ्यावर हातोडी मारली, तारा लावून करंट देऊन पाहिला. मग टेबलाच्या पलीकडून खुर्ची ओढून आमच्याजवळ आली. 

"काका, याला मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात," ती म्हणाली. मेंदूकडून हातापायांना हुकूम नेणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. क्रम मागेपुढे होतो, पण जायचं तिकडेच. एक गोळी आहे, तिने आजाराची चाल थोडी मंदावते. बरं करणारं औषध अजून जगात कुठंच नाही. हे सगळं तिने हळू आवाजात सांगितलं, पण काही झाकून ठेवलं नाही.

मी पदर तोंडात कोंबला. आणि हे? हे पुढे सरकून विचारतात, "म्हणजे मोटर चांगली हाय. केबल जळून राहिली."

डॉक्टरबाई म्हणाली, "हो काका. अगदी असंच."

"मंग मोटरले कायले बदनाम करता?"

ती हसली. हेही हसले. मला असा संताप आला! "बाप्पा! इथं माझ्या संसाराची केबल जळून राहिली अन् तुम्ही दोघं हसून राहिले?" मी इतक्या जोरात बोलले की बाहेरच्या नर्सने दार उघडून आत पाहिलं. मग मला रडू फुटलं. हे मला द्यायला रुमाल काढू लागले, पण खिशात गेलेला हात रुमालासकट वर येईना. शेवटी डॉक्टरबाईनेच त्यांच्या खिशातून रुमाल काढून माझ्या हातात दिला.

पुढच्या खेपेला तिने ट्रायलची गोष्ट काढली. या आजारावर एक नवं औषध निघालं आहे, ते खरंच चालतं का हे पुष्कळ देशांत एकाच वेळी तपासणार आहेत, आणि आपल्या नागपुरातही तपासणार आहेत. काकांना त्यात भाग घ्यायचा का?

ह्यांनी मान हलवली. "आमच्याकडं पंप आधी दुरुस्त करतात, मंग त्याची ट्रायल घेतात. तुम्ही तं बिनादुरुस्तीचीच ट्रायल घेऊन राहिल्या."

मला वाटलं, आता ही बाई रागावणार. ती म्हणाली, "काका, तुमच्याकडे पंप कसा दुरुस्त करायचा ते ठाऊक असतं. आम्हाला अजून तेच ठाऊक नाही. ते शोधण्यासाठीच ही ट्रायल."

भिंतीवर एवढ्या पदव्या टांगलेल्या आणि बाई सरळ म्हणते, आम्हाला ठाऊक नाही! सर्दीच्या औषधालाही "हे घ्या, फरक पडेल" असं ठासून सांगणारे डॉक्टर मी जन्मभर पाहिले होते. माझा तिच्यावरचा राग तिथेच अर्धा उतरला.

उरलेला अर्धा पुढच्या वाक्याने परत चढला. तिने सांगितलं, की ट्रायलमधल्या काही लोकांना खरं औषध मिळेल आणि काहींना दिसायला तसंच, पण आत औषध नसलेलं काहीतरी. कुणाला काय द्यायचं ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. पेशंटला कळत नाही आणि तिलाही कळत नाही. नेहमीची गोळी मात्र सगळ्यांचीच चालू राहील. "ज्यांना औषध नसलेली पुडी मिळते," ती म्हणाली, "त्यांना कंट्रोल म्हणतात."

कंट्रोल! आमच्याकडे कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. कंट्रोलचा तांदूळ, कंट्रोलची साखर. लहानपणी मी पिशवी घेऊन त्या रांगेत उभी राहिलेली आहे, आणि घरी आल्यावर आईसोबत सुपात त्या तांदळातले खडे वेचलेले आहेत. मी उसळलेच. "म्हणजे चांगलं औषध दुसऱ्याले अन् माझ्या माणसाले कंट्रोलचा माल? आम्ही नाही घेत जा!"

डॉक्टरबाईला काही समजेना. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा ह्यांच्याकडे. आणि ह्यांचा चेहरा तर असा खुलला होता, की आजाराचं नाव कळल्यापासून मी तसा पाहिला नव्हता.

"कंट्रोल?" हे म्हणाले. "मॅडम, मी जिंदगीभर कंट्रोलमध्येच होतो."

खरंच होते. हे वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये होते. मी एकदाच आत जाऊन पाहिली आहे ती खोली, कुटुंबांना दाखवायचा दिवस होता तेव्हा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काटे, दिवे, बटणं. तिथं बसणाऱ्याने कोळसा फोडायचा नसतो की झडप फिरवायची नसते. त्याने बघायचं. काटा कुठं आहे, कुठं असायला पाहिजे, कधी हलला. आणि तिथला एक कायदा असा, की रिलिव्हर आल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. रिलिव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येणार, काटे बघणार, आणि तोंडाने म्हणणार, "चार्ज घेतला." मग पहिल्याने उठायचं. रिलिव्हरची बस बंद पडो, त्याच्या घरी बारसं असो की मयत, तोवर खुर्ची सोडायची नाही. या कायद्यापायी आमचे हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात मांडव सोडायच्या वेळी पोचले. मांडववाल्याने त्यांना दोर धरायला लावला. ते मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं.

तर डॉक्टरबाई आम्हाला समजावत होती, की घाई नाही, विचार करा, आत आल्यावरही वाटलं तर कधीही सोडता येतं, उपचारात काही कमी होणार नाही. हे ऐकतच नव्हते. त्यांनी तिला एकच विचारलं. "कंट्रोलमध्ये कोणी नसन, तं औषधानं फरक पडला का नाही, हे तुमाले कसं कळन?"

"नाही कळणार, काका."

"मंग टाका नाव."

 मला भीती एकाच गोष्टीची होती. माझ्या माणसाजवळ दिवस थोडे आणि त्यातही त्याच्या वाट्याला नुसतं पाणी आलं तर? खरं औषध मिळालं तर निदान काही वर्षं जास्त मिळतील असं मी मनाशी धरून बसले होते. देवाधर्माची मी फारशी नाही, पण वस्तीतल्या विहारात जाऊन डोळे मिटून बसले आणि म्हटलं, खरं मिळू दे. एवढं एक खरं मिळू दे.

औषध म्हणजे पांढरी पूड होती. सकाळ-संध्याकाळ पाण्यात कालवून घ्यायची. मी चमचा धुवायच्या आधी जिभेला लावून पाहिला आणि ब्रह्मांड आठवलं. कारलं, कडुनिंब, किराईत, सगळं एकाजागी. जीभ दुपारपर्यंत जागेवर नव्हती. पण मी खूश! पाणी कुठं इतकं कडू असतं का? मी शेजारीपाजारी सांगून टाकलं की आम्हाला खरंच मिळालं. हे तोंड वाकडं करून पूड प्यायचे आणि मी जिंकल्यासारखी समोर उभी राहायची.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरबाईला डोळा घातल्यासारखं करून म्हटलं, "तुम्ही सांगू नका, पण आम्हाले कळलं बरं. लयच कडू हाय."

तिचा चेहरा पडला. "काकू, खोटी पुडीसुद्धा तेवढीच कडू केलेली असते. चवीवरून कळू नये म्हणून."

मी शेजारीपाजारी सांगून बसले होते!  पण घरी आल्यावर, भांडी घासताना, माझ्या डोक्यात दुसरंच सुरू झालं. कुठंतरी, कुठल्यातरी देशात, एखाद्या माणसाने बसून खोटं औषध मुद्दाम कडू केलं असेल. चाखून पाहिलं असेल, नाही, अजून थोडं कडू पाहिजे. फसवायला नाही, तर कुणी स्वतःलाच फसवू नये म्हणून. दुधात पाणी घालणारे मी पाहिले, हळदीत रंग घालणारे पाहिले. खोट्याला खऱ्याइतकं कडू करणारी माणसं जगात आहेत, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी हातात तशीच ओली कढई धरून उभी राहिले. नळ वाहत होता. ह्यांनी आतून हाक मारली, तेव्हा बंद केला.

तपासण्या ठरल्या वेळी व्हायच्या. नाकाला चिमटा लावून नळीत फुंकायचं, मुठीत एक यंत्र दाबायचं, आणि मग प्रश्न. बोलणं समजतं का, लाळ गळते का, पलंगावर कूस बदलता येते का, जिना चढता येतो का. एक प्रश्न होता, सुरी-काट्याने अन्न कापता येतं का. हे म्हणाले, "सुरी-काटा तं चांगला होतो तवाही नव्हता येत." तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने हसून पोळीचा तुकडा मोडता येतो का ते विचारलं. तो येत होता तेव्हा. पुढच्या वेळी नव्हता येत.

एकदा परतताना मी म्हटलं, हेच प्रश्न आता कुठंकुठं कुणाकुणाला विचारत असतील, नाही? ह्यांची जीभ तोवर जड झाली होती, पण समजत होतं. ते म्हणाले, "ग्रिड हाय ते." मग सांगितलं. कोराडीचं मशीन आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं मशीन तारांच्या एकाच जाळ्यात असतं आणि एकाच चालीने फिरतं. कुणी कुणाला पाहिलेलं नसतं. पण एक थोडं जरी मंदावलं, तर त्याचा भार सगळ्यांना जाणवतो. इतकी वर्षं या माणसाच्या पगारावर घर चालवलं, पण असं काही असतं हे मला कधी माहीत नव्हतं. ऑटो सिग्नलला उभा होता. मी त्या लाल दिव्याकडे पाहून हात जोडायचीच बाकी होते.

पण माणूस नुसत्या नवलावर किती दिवस काढणार? ह्यांचे पाय गेले, चाकाची खुर्ची आली. शब्द तोंडातल्या तोंडात विरघळू लागले. माझा भाऊ छिंदवाड्याकडच्या कुणा वैदूची जडीबुटी घेऊन आला. त्या वैदूने उठवून बसवलेल्या माणसांच्या गोष्टी त्याने सांगितल्या. ट्रायलमध्ये असताना असलं दुसरं काही घेता येत नव्हतं. त्या दिवशी माझा बांध फुटला.

"सोडा ती ट्रायल!" मी ह्यांच्यासमोर उभी राहून ओरडले. "सोडता येते म्हणून डॉक्टरबाईनंच सांगितलं. दिसून नाही राहिलं तुम्हाले? पाणी पिऊन राहिले तुम्ही, पाणी! कडू पाणी!"

 हे एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलले. मला दोनदा विचारून घ्यावं लागलं. "पाणी असन... तं कोणीतरी पेलंच पाह्यजे ना वं."

"ते कोणीतरी तुम्हीच काहून?"

"खुर्चीवर... मी हाय."

भैताड, खुळा माणूस! मी आत जाऊन पिठाच्या डब्यावर बसून पोटभर रडले. मला तो राग अजून आठवतो. आणि त्या रागाच्या खाली जे होतं तेही आठवतं. मला त्या माणसाचं भय वाटलं होतं, देवळातल्या अंधाराचं वाटतं तसं. चाळीसेक वर्षं ज्याचे बनियन मी भोकं पडेपर्यंत धुतले, तो एवढा मोठा होता आणि मला पत्ता नव्हता. संध्याकाळी मी पूड कालवली, वाटीने त्यांच्या तोंडाला लावली. भाऊ त्याची जडीबुटी घेऊन निघून गेला.

मग वाचाही गेली. राहिले ते डोळे. डॉक्टरबाई म्हणाली होती, या आजारात डोळ्यांच्या केबली बहुतेक शेवटपर्यंत टिकतात. मी मांजरपाटाच्या एका मोठ्या तुकड्यावर काळ्या दोऱ्याने अ, आ, इ, ई आणि क, ख, ग, घ भरले. मी ओळीवर बोट फिरवायचे, पाहिजे ते अक्षर आलं की हे डोळे वर करायचे. काना-मात्रा-वेलांट्यांना फार वेळ लागायचा, म्हणून ह्यांनी त्या सोडूनच दिल्या. नुसती अक्षरं सांगायचे, बाकी माझ्या अकलेवर. एकदा भ आणि ज सांगितलं. गिळणं गेल्यापासून पोटात नळी होती, म्हणून मी भाजी शिजवून, वाटून, नळीतून जाईल अशी पातळ करून आणली. ह्यांचे डोळे असे वटारलेले! पुन्हा भ, पुन्हा ज. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. भजी! नळीने जेवणाऱ्या माणसाला भजी! मी चिडचिड करत कढई चढवली आणि मिरचीची भजी तळून त्यांच्या नाकाखाली धरली. त्यांनी डोळे मिटून वास घेतला. खाल्ली मी. आमच्या लग्नात ह्यांनी इतक्या प्रेमाने मला काही भरवलं नव्हतं, असं म्हणून मी त्यांना हसवलं. डोळ्यांनी हसता येतं.

ट्रायल संपली आणि काही काळाने डॉक्टरबाईने आम्हाला बोलावलं. या वेळीही ती खुर्ची ओढून जवळ बसली. तिने सांगितलं, औषध नाही चाललं. ज्यांना मिळालं आणि ज्यांना नाही मिळालं, सगळे सारखेच खाली आले. आणि काका कंट्रोलमध्ये होते.

 इतके महिने मी ज्या एका गोष्टीला भ्यायले होते, ती खरी निघाली होती, आणि खरी निघून तिचा काही अर्थही उरला नव्हता. ज्यांना "खरं" मिळालं त्यांच्या बायकाही कुठंतरी अशाच बसल्या असतील. "मंग एवढा कडूपणा कायले केला?" मी विचारलं. मला भांडायचंच होतं.

"हे कळावं म्हणूनच, काकू," ती म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. "काका नसते, तर ते औषध चालतं असं समजून आम्ही किती लोकांना किती वर्षं देत बसलो असतो. आता तिथला वेळ वाचला. आता दुसरीकडे शोधायचं."

हे माझ्या पिशवीकडे बघत होते. मी कापड काढलं, पसरलं. फ, ल, ट. मग इ, थ. मग न, ह.

"फॉल्ट इथं नाही," मी वाचलं.

डॉक्टरबाई खाली मान घालून बसली. मला आठवलं, हे सांगायचे, मोठी लाइन बंद पडली की फॉल्ट, म्हणजे बिघाड, कुठं आहे ते शोधायला एकेक तुकडा वेगळा काढून बघायचा, आणि इथं नाही म्हणून पुढे जायचं. "इथं नाही" हे सापडणंही कामच असतं. तिला ते सांगायची गरज पडली नाही.

यानंतर ह्यांचा श्वास अपुरा पडू लागला. नाकावर मास्क आला. मला कळत होतं की आता फार नाही. पण हे थांबून होते, कशाकरता ते मला समजत नव्हतं. मी रात्रंदिवस त्यांचा चेहरा वाचणारी बाई, पण तेवढं एक वाचता येत नव्हतं.

मग एके दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही मास्क तपासून घ्यायला बसलो होतो, तिथं सावनेरहून एक जोडपं आलं होतं. माणूस कोळसा खाणीवर डंपर चालवणारा, अंगाने भक्कम, पण उजवा हात डाव्या हाताने मांडीवर धरून बसलेला. तो हात पाहिल्याबरोबर मी ओळखलं. त्याची बायको माझ्याजवळ सरकली. म्हणाली, आजच कळलं. आता नवीन औषधाची नवीन ट्रायल सुरू होऊन राहिली म्हणतात. "पण ताई, त्यात नुसतं पाणीही देतात म्हणते. आमच्या ह्यायले पाणीच आलं तं वं? आम्ही काय करावं?"

त्या बाईच्या डोळ्यांत माझंच भय होतं, तसंच्या तसं. मी काय सांगणार होते? घ्या म्हणू? नका घेऊ म्हणू?  तिचा नवरा माझ्याकडे नव्हे, ह्यांच्याकडे बघत होता. खुर्ची, मास्क, गळपट्टा, सगळं. स्वतःचं पुढचं बघत असणार. त्याला बघवत नव्हतं, पण त्याने नजर काढून घेतली नाही.

"काका," तो म्हणाला, "तुम्हाले माहीत असतं का पाणीच हाय, तरी पेले असते?"

ह्यांनी पिशवीकडे पाहिलं. मी कापड त्यांच्यासमोर धरलं आणि बोट फिरवू लागले. र. पुढे, ल. पुढे, व. मग परत र.

त्या दोघांना काही कळलं नाही. मला कळलं. अच्छा, म्हणजे हे होतं. याची वाट बघत बसले होते हे.

"रिलिव्हर," मी म्हटलं. मग त्या माणसाला सगळं सांगितलं. कोराडीची कंट्रोल रूम, काटे, खुर्ची. पुढचा माणूस आल्याशिवाय उठायचं नसतं, हा कायदा. ट्रायलमध्ये हे कंट्रोलमध्ये होते, हेही सांगितलं. औषध चाललं नाही, हेही लपवलं नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याच्या बायकोने पदराने डोळे पुसले. व्हरांड्यात कुणाच्यातरी नावाचा पुकारा झाला, तो विरला.

"मंग तो पुढचा माणूस येऊन काय म्हणते, काकू?" त्याने विचारलं.

"तो म्हणते, चार्ज घेतला."

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने त्याचा तो लुळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग तो उठला, ह्यांच्या खुर्चीसमोर येऊन उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "घेतला, काका. चार्ज घेतला."

ह्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याकडे. मग कापडाकडे. आता अजून काय, म्हणून मी बोट फिरवलं. च. ह.

चहा! घशाखाली थेंब उतरत नव्हता त्या माणसाच्या, कितीतरी दिवस. पण ड्यूटीवरून आल्यावर चहा लागायचाच.

"आणते जी," मी म्हटलं, आणि बाहेरच्या टपरीकडे निघाले.